बोय ओवताना

टाकी गोलच हवी, बाबा सांगतात.
कोपरा असला की बोय नाक घासून घेते,
आणि नाक सोललेली बोय म्हणजे अर्धी मेलेली.
आज अठरा आहेत. पहाटे खाडीच्या तोंडाशी
फेकजाळ्यात आल्या. चौदा मी धरल्या, चार त्यांनी.
मागे एकदा हा हिशेब उलटा होता.

सूर्य अजून कोर्तेझच्या पाण्याखाली.
होडी वाळूवरून ढकलताना पेलिकन बाजूला होतात,
भाडं थकलेल्या बिऱ्हाडासारखे, कुरकुरत.

गिऱ्हाईक टक्सनचा दंतवैद्य.
म्हणाला, द्या इकडे, जन्मभर सुयाच टोचल्यात.
हात खरंच स्थिर. पण कोरडे.
कोरड्या तळव्याला बोयची बुळबुळ निघून येते,
आणि बुळबुळ ही तिची वरची कातडी.
पाण्यात सोडली तशी पोट वर करून
पांढरी तरंगत राहिली.
सतरा.

मग मी. आधी हात समुद्रात.
बोय उताणी धरायची;
आभाळ पाठीखाली गेलं की गप्प होते.
डोळ्याच्या जरा पुढे एक पडदा असतो,
कांद्याच्या पापुद्र्याइतका आरपार.
त्यातून सुई, सुईमागून मेणाचा दोरा,
दोऱ्याच्या फासात गळ, गळाला दोन पीळ,
आणि टोक परत पिळातून काढायचं.
टोक तिला कुठेच लागत नाही.
डोळा शाबूत. बघत राहतो.
मी त्या डोळ्यात बघत नाही.
हे बाबांनी नाही शिकवलं.

बाबा मागे, इंजिनापाशी.
चार वर्षं झाली, उजवा हात
स्वतःच्या मनानं हलतो.
चमच्यातला रस्सा. शर्टाचं वरचं बटण.
ला पाझच्या डॉक्टरीणबाईंनी वर्तुळं काढायला सांगितली,
तर "गोगलगाय निघाली" म्हणत एकटेच हसले होते.
त्या आठवड्यात सुयांची डबी
माझ्या फळीवर सरकवून ठेवली,
बोलले काही नाही,
ठीक असलेलं इंजिन खोलून बसले.

तंगूस मात्र सोडत नाहीत.
बोय वीस वाव मागे, लाट फुटते त्याच्या अलीकडे.
होडी चालते म्हणण्यापुरती चालते.
तंगूस त्यांच्या तर्जनीवरून गेलेला.
इंजिनाची थरथर, बोटाची थरथर,
आणि पार तिकडे एका शेपटीची:
तिन्ही एकाच दोऱ्यावर.
"नेमेसिओला कळतं कसं?" दंतवैद्य कुजबुजतो.
मी खांदे उडवते.

तासभर काही नाही.
उन्हानं टाकीचं झाकण तापतं. मी पाणी बदलते.
दंतवैद्य बिस्किटं खातो, एक बाबांना देतो,
ते डाव्या हातानं घेतात.

आणि मग उजवा थांबतो.

पूर्ण थांबतो.
घरी, झोपेत आम्ही बघायला जातो तेव्हा, तेवढा.
"घाबरली ती," बाबा म्हणतात.
पाण्यावर अजून काहीच नाही.
मग बोयच्या मागे
सात काटे उभे राहतात, काळे, विरळ,
दात पडलेल्या फणीसारखे:
कोंबडामाशाचा तुरा.
डावीकडून येतो. बोय उजवीकडे.
उजवीकडून येतो.
बोय हवेत.
पाणी फुटतं, मिटतं, तुरा नाही, बोय नाही.

दंतवैद्य हिसका द्यायला उठतो.
मी त्याचं मनगट धरते.
गोल गळाला हिसका चालत नाही,
खाऊ द्यायचं, वळू द्यायचं,
तो स्वतःच जबड्याच्या कोपऱ्याला जाऊन बसतो.
बाबा मोजतात, रोजच्यासारखे सावकाश,
कोणाला तरी झोपवत असल्यासारखे.
पाचला तंगूस ताठ होतो
आणि दांडी पाण्याकडे वाकते,
दंतवैद्य ओरडतो, आईला हाक मारतो बहुतेक,
चरखी किंचाळते.

मी मासा बघत नाही.
बाबांचं बोट बघते.
सुरू झालंय पुन्हा.

ते होडीच्या कडेवरून हात पाण्यात घालतात,
बोय धरायच्या आधी घालावा तसा,
आणि बराच वेळ बाहेर काढत नाहीत.

टाकीत सोळा.